न दिसणारं रक्त

मराठीत या क्रियेचं सरळ नाव घ्यायची पद्धत नाही. शिरूरकडची जुनी माणसं ‘परसाकडं जाऊन येतो’ म्हणतात, माझ्या दौंडजवळच्या आजोळी ‘झाड्याला’ म्हणतात. शाळेच्या पुस्तकात ‘शौचास’, डॉक्टरसमोर ‘संडासला’, आणि पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर आवाज खाली करून ‘स्टूल’. लॅबवाली मुलगी निळ्या झाकणाची डबी पुढं सरकवते, आपण ती खिशात लपवतो, आणि दुसऱ्या दिवशी काळ्या पिशवीत गुंडाळून परत नेऊन देतो. हा लेख त्या डबीतल्या पदार्थाबद्दल आहे. नेमकं सांगायचं तर त्यात दडलेलं, डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधायच्या दीडशे वर्षांच्या खटपटीबद्दल. कारण मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर गवसण्याची सगळ्यात स्वस्त वाट याच डबीतून जाते.

मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. लाखो नोंदींमधून बिघडलेल्या मोजक्या नोंदी ओळखणारे नियम लिहिणं हा माझ्या कामाचा बराच मोठा भाग आहे. नियम कडक केला की खोटे इशारे वाढतात, सैल केला की खरी चूक निसटते. मलपरीक्षेचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा पानोपानी हाच तिढा भेटत गेला, आणि तो माझ्या गावापर्यंत येऊन पोचला.

कावळा, कुत्रा आणि कापड

मल बघून रोग ओळखणं आपल्याकडे नवं नाही. योगरत्नाकरात वैद्यानं रोग्याच्या ज्या आठ गोष्टी तपासाव्यात असं सांगितलंय, त्यात नाडी, मूत्र, जीभ यांच्या रांगेत मलही आहे. चरकसंहितेत तर चक्क प्रयोग आहे: मल पाण्यात टाका, बुडला तर ‘आम’, तरंगला तर ‘पक्व’.

मला त्याहून रंजक वाटली ती रक्ताची परीक्षा. शरीरातून बाहेर पडलेलं रक्त शुद्ध ‘जीवरक्त’ आहे की रक्तपित्तातलं दूषित रक्त, हे ओळखायला चरकानं दोन उपाय दिलेत. ते अन्नात मिसळून कावळ्याला किंवा कुत्र्याला घाला. त्यानं खाल्लं तर जीवरक्त. किंवा पांढरं कापड त्यात भिजवून वाळवा आणि कोमट पाण्यानं धुवा. डाग निघून गेला तर जीवरक्त. निष्कर्ष बरोबर की चूक हा मुद्दा वेगळा. पण आपला डोळा फसतो, तेव्हा न फसणारी दुसरी एखादी वस्तू मध्ये घालायची आणि तिच्याकडे बघून निर्णय करायचा, ही बुद्धी जुनी आहे. पुढच्या सगळ्या तपासण्यांनी कावळ्याच्या जागी काहीतरी वेगळं ठेवलं, इतकंच.

एका डिंकाची गोष्ट

युरोपात त्या जागी एक राळ आली. कॅरिबियन बेटांवर ग्वायकम नावाचं झाड होतं. त्याचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. सोळाव्या शतकात युरोपीय लोक या झाडाचा काढा गरमीच्या रोगावर पीत. रोग काही बरा होत नसे, पण झाड औषधांच्या कपाटात टिकून राहिलं. पुढं १८६४च्या सुमारास इझाक व्हान डीन या डच शरीरशास्त्रज्ञानं त्याच्या राळेचा एक वेगळाच गुण कामाला लावला: रक्त असेल तर ती निळी होते.

हे घडतं कसं, तर रक्तातला हीम हा घटक पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन सोडवून राळेला देतो आणि राळेचा रंग बदलतो. कॅन्सरशी याचा तेव्हा काही संबंध नव्हता. कपड्यावरचा तपकिरी डाग रक्ताचा की गंजाचा, हे ठरवायला पोलिसांना ही तपासणी उपयोगी पडे. १८८७मध्ये शेरलॉक होम्स पहिल्यांदा वाचकांसमोर आला, तो याच जुन्या तपासणीला नावं ठेवत आणि आपण तिच्याहून सरस काही शोधल्याची फुशारकी मारत.

मलाकडे ही निळाई वळवली ती बर्लिनच्या इस्मार बोआस यांनी. पोटाच्या विकारांना वाहिलेलं पहिलं वैद्यकीय नियतकालिक त्यांनी १८९५मध्ये सुरू केलं होतं. १९०१मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की जठराच्या कॅन्सरमध्ये रक्त इतकं थोडं झिरपतं की मलाचा रंगही बदलत नाही, पण रसायनाला ते कळतं. या लपलेल्या रक्तस्रावाची कल्पना वैद्यकात रुजली ती त्यांच्यामुळे. बोआस ज्यू होते. नाझी राजवटीत बर्लिन सोडून ते व्हिएन्नात गेले. मार्च १९३८मध्ये हिटलरचं सैन्य तिथंही पोचलं, तेव्हा ऐंशीच्या घरात असलेल्या या डॉक्टरनं आत्महत्या केली. त्यांनी रूढ केलेला शब्द आज जगभरातल्या लॅबच्या रिपोर्टवर छापला जातो. आपल्याकडच्या रिपोर्टवर ‘ऑकल्ट ब्लड’ अशी जी ओळ असते, ती हीच.

मधल्या काळात बेन्झिडीन हे रसायन पुढं आलं. ते राळेपेक्षा कितीतरी तिखट. आपल्या मेडिकल कॉलेजांच्या प्रात्यक्षिकांतही बेन्झिडीन टेस्ट वर्षानुवर्षं शिकवली गेली. पण हेच रसायन हाताळणाऱ्या रंगकारखान्यांतल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर होतो असं दिसून आलं, आणि ते हळूहळू बाजूला पडलं. एक कॅन्सर शोधण्यासाठी दुसऱ्याला आवतण देणं कुणालाच परवडणारं नव्हतं. प्रयोगशाळा पुन्हा त्या जुन्या डिंकाकडे वळल्या.

टपालातला कागद

आतापर्यंतचा सगळा उद्योग आजारी माणसाचा होता. पोट दुखतंय, अंग पांढरं पडलंय, मग तपासा. ज्याला काहीच होत नाही त्याला तपासायचं, हा विचार वेगळा. तो अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराचे डॉक्टर डेव्हिड ग्रीगर यांनी १९६७मध्ये मांडला. राळ लावलेल्या कागदाची छोटी पाकिटं त्यांनी रुग्णांना घरी दिली. तीन दिवस मांस खायचं नाही, चोथा असलेलं अन्न खायचं, रोज काडीनं दोन ठिकाणचा नमुना कागदावर फासायचा आणि पाकीट परत द्यायचं. दवाखान्यात लाजून बसण्यापेक्षा माणूस हे काम घरच्या संडासात बिनबोभाट करील, हा त्यांचा होरा बरोबर ठरला.

याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली. १९६९मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी लवचीक दुर्बिणीतून तार घालून आतड्यातला मोड, म्हणजे पॉलिप, पोट न फाडता कापून काढला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेकदा अशा मोडातूनच, दहाएक वर्षं घेत सावकाश वाढतो. म्हणजे कागद निळा झाला तर पुढं करण्यासारखं काही तरी आता हातात होतं. नाहीतर ती नुसती वाईट बातमी ठरली असती.

पण यानं माणसं खरंच वाचतात का? मिनेसोटा विद्यापीठात व्हिक्टर गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी १९७५मध्ये याचा छडा लावायला घेतला. ५० ते ८० वयाचे ४६,५५१ लोक. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे तीन गट पाडले: दरवर्षी तपासणी, दोन वर्षांनी तपासणी, आणि काहीच नाही. उत्तर यायला १९९३ उजाडलं. दरवर्षी तपासलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी होते.

टक्केवारी मथळ्यात छान दिसते. मला तिच्यामागचे आकडे पाहायची खोड आहे. १३ वर्षांत, तपासणी न झालेल्या दर हजार माणसांमागे या कॅन्सरनं ८.८३ माणसं गेली. दरवर्षी तपासलेल्या हजारांमागे ५.८८. म्हणजे हजार माणसांनी तेरा वर्षं न चुकता काड्या फासल्या तेव्हा त्यांतली तीन माणसं वाचली. ही तीन माणसं माझ्या लेखी थोडी नाहीत. पण ती कुठल्या मुलखातली आणि किती खर्चानं, हे विसरता येत नाही.

त्याच प्रयोगात एक थेंब पाण्याची भानगड आहे. टपालानं आलेले कागद वाळून कोळ झालेले असत. म्हणून तपासण्याआधी त्यांवर थेंबभर पाणी टाकायचं ठरलं. तेवढ्यानं ‘रक्त आहे’ म्हणणाऱ्या कागदांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ९.८ टक्क्यांवर गेलं. निसटणारे कॅन्सर कमी झाले, पण खोटे इशारे चौपट झाले. दरवर्षीच्या गटातल्या ३८ टक्के लोकांची कधी ना कधी कोलोनोस्कोपी झाली. टीकाकार म्हणाले, इतक्या लोकांच्या आतड्यात दुर्बीण घातल्यावर काहींचे मोड अपघातानंच सापडणार. श्रेय कागदाचं की योगायोगाचं? वाद रंगला. तोवर इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा आणि डेन्मार्कमधल्या फ्यून बेटाचा, असे दोन मोठे प्रयोग १९९६मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत पाण्याचा थेंब नव्हता आणि तपासणी दोन वर्षांतून एकदाच होती. मृत्यू अनुक्रमे १५ आणि १८ टक्क्यांनी घटले होते. फायदा लहान, पण खरा.

जपानची काडी

डिंकाच्या तपासणीला एक मूळचा दोष आहे. तिला रक्त माणसाचं की बोकडाचं हे कळत नाही. तिला मुळा आणि फ्लॉवरही फसवतात, कारण त्यांतही रक्तासारखंच काम करणारं विकर असतं. उलट क जीवनसत्त्व भरपूर पोटात गेलं तर खरं रक्त असूनही कागद निळा होत नाही. आता आमच्या भागातलं ताट डोळ्यांपुढं आणा. बाजाराच्या दिवशी मटण, बोकड कापल्यावर हमखास होणारी रक्ती, हिवाळ्यात भाकरीबरोबर मुळा, वर आवळा-पेरू-लिंबू. या ताटाला डिंकाची तपासणी पुरी पडली नसती. त्यात अंकुशकृमी. हे जंत लहान आतड्याला चिकटून रक्त पितात, आणि त्यांनी सांडलेल्या रक्तानंही कागद निळा होतो.

तोडगा निघाला तो हीमऐवजी ग्लोबिन शोधून. ग्लोबिन हे प्रथिन. माणसाचं वेगळं, बोकडाचं वेगळं, आणि माणसाच्याच ग्लोबिनला चिकटणारी प्रतिपिंडं तयार करता येतात. शिवाय जठरात किंवा लहान आतड्यात सांडलेलं ग्लोबिन खाली येईतो बरंचसं पचून जातं. त्यामुळे ही तपासणी मुख्यतः मोठ्या आतड्यातल्या रक्तालाच ओळखते. अशा तपासण्यांवर अमेरिकेत १९७०च्या दशकात काम झालं, पण त्यांना घरोघरी नेलं जपाननं. हिरोशी साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात त्या लोकांवर वापरून पाहिल्या, आणि १९९२पासून जपाननं वयाची चाळिशी ओलांडलेल्यांसाठी देशभर त्या सुरू केल्या. हीच आजची ‘फिट’ तपासणी. एक छोटी बाटली, तिच्या झाकणाला खाचा असलेली काडी. काडी मलात चार-दोन ठिकाणी टोचायची, बाटलीत परत बसवायची, झालं. पथ्य नाही. उत्तरही निळं-पांढरं नाही, आकड्यात येतं: एक ग्रॅम मलात इतके मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन.

आकडा आला की रेघ कुठं ओढायची हा प्रश्न आलाच. नेदरलँड्सनं २०१४मध्ये १५ मायक्रोग्रॅमच्या रेघेनं सुरुवात केली. अपेक्षेपेक्षा फार लोकांचे आकडे वर निघाले आणि कोलोनोस्कोपीच्या रांगा आवरेनात, म्हणून काही महिन्यांतच रेघ ४७ वर नेली. स्कॉटलंडनं ८० निवडली, इंग्लंडनं २०१९मध्ये १२०. आतडी सगळीकडची सारखीच. फरक होता तो दुर्बिणींचा आणि ती चालवणाऱ्या हातांचा. आमच्या क्षेत्रात याला नवल वाटणार नाही. इशारे किती पाठवायचे हे शेवटी ते वाचायला माणसं किती आहेत यावर ठरतं.

मूळव्याधीची पाटी

आता गावाकडे येऊ. शिरूर घोडनदीवर, दौंड भीमेवर. एकीकडे रांजणगावची एमआयडीसी, दुसरीकडे रेल्वेचं जंक्शन आणि कुरकुंभचे रासायनिक कारखाने, मध्ये ऊस. २०११च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुके मिळून साडेसात लाखांहून जास्त लोक. इथं मलातलं रक्त कोण तपासतं? रस्त्यानं जाताना भिंती वाचा. ‘मूळव्याध, भगंदर, फिशर : बिना ऑपरेशन, बिना वेदना, खात्रीशीर इलाज’ आणि खाली मोबाइल नंबर. लाल रक्त दिसलं की आमच्याकडे निदान घरीच होतं: उष्णता झाली, मूळव्याध आहे, मिरची कमी कर. बहुतेक वेळा ते खरंही असतं, म्हणून तर त्यावर विश्वास बसतो.

माझे मोठे मामा रेल्वेत होते. त्यांना रक्त पडू लागलं तेव्हा वय होतं ४६. अकरा महिने ते अशाच एका पाटीवाल्याकडची पूड ताकातून घेत राहिले. वजन उतरलं तर मामी म्हणाली, ड्युटी फार. हिमोग्लोबिन सातवर आलं तेव्हा कुणीतरी पुण्याला न्यायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरनं दुर्बीण नंतर घातली. आधी हातमोजा चढवून बोटानं तपासलं आणि गाठ हाताला लागली. अकरा महिन्यांत कुणीही ते बोट वापरलं नव्हतं. मामा आज आहेत. पोटावर कायमची पिशवी आहे. पिशवी लागल्यापासून आमच्या घरात या विषयावर मोकळेपणानं बोलणारे तेच एकटे.

मामांच्या वयावर जरा थांबू. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी या कॅन्सरच्या ८०० रुग्णांचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांचं सरासरी वय ४७च्या आसपास निघालं. पाश्चात्त्य देशांत हा साठी-सत्तरीचा आजार. आपल्याकडे तरुण माणसंच जास्त, त्यामुळे रुग्णांतही तरुण जास्त दिसणार, हे त्याचं एक कारण. पण परिणाम असा, की मिनेसोटाचा ‘पन्नाशीपासून तपासा’ हा नियम जसाच्या तसा उचलला तर टाटाच्या यादीतले जवळपास निम्मे लोक नियमाच्या बाहेर राहतील. मामाही राहिले असते.

बार्शीची वही, वढूची वही

‘आपल्या खेड्यात असलं काही जमायचं नाही’ हे वाक्य मी बरेचदा ऐकलंय. महाराष्ट्राचा इतिहास ते खोटं पाडतो. दौंडहून सोलापूरच्या गाडीनं कुर्डुवाडीला उतरलं की पुढं बार्शी. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये डॉ. भा. म. नेने यांच्या पुढाकारानं, टाटा मेमोरियलच्या साथीनं, १९८७मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. दवाखान्यात आलेले रुग्ण मोजायचे नाहीत; गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून, कुणाला काय झालं ते शोधून लिहायचं. त्या वहीनं काही गोष्टी पक्क्या केल्या. बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर फार होता. मोठ्या आतड्याचा कॅन्सर फार थोडा होता.

मग जे फार होतं त्यावर काम झालं. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर एक प्रयोग झाला. गावांचे ५२ समूह चार गटांत विभागले, आणि आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं त्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे निम्म्यानं घटतात हे २००९मध्ये जगासमोर आलं. या प्रयोगाला एक जखमही आहे. ज्या गटाला तपासणी दिली नाही, त्या गटातल्या बायका या टाळता येणाऱ्या कॅन्सरनं गेल्या, आणि हे नीतीला धरून होतं का असा प्रश्न परदेशी आणि देशी डॉक्टरांनी उघड विचारला. मिनेसोटातही एक गट तसाच ठेवला होता. पण तिथं ही तपासणी उपयोगी पडते की नाही हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. बार्शीच्या यशाबद्दल बोलताना हा फरक नोंदवायला हवा.

दुसरी वही आमच्याच तालुक्यातली. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला बहुतेक लोक संभाजी महाराजांच्या समाधीसाठी ओळखतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात इथं ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं, गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९९३मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या पायावर २००२पासून वढू आणि आसपासच्या गावांत घर न् घर नोंदवणारी व्यवस्था चालू झाली: जन्म, मृत्यू, कोण आलं, कोण गेलं.

आणि मलपरीक्षेच्या इतिहासात शिरूर तालुक्याचं नाव येतं ते याच वहीमुळे. २०११मध्ये रोटाव्हॅक या भारतीय लशीची शेवटची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे अशा तीन ठिकाणी ६,७९९ बाळांवर सुरू झाली. पुण्याचं केंद्र म्हणजे वढूचं काम. बाळाला जुलाब झाले की नमुना घ्यायचा आणि त्यात रोटाव्हायरस आहे का ते पाहायचं. ज्या विषाणूपासून लस बनली, तोही १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समधल्या नवजात बाळांच्या मलातच सापडला होता. लशीनं रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या तीव्र जुलाबांचं प्रमाण निम्म्याहून अधिक घटवलं, आणि २०१६पासून ती सरकारी लसीकरणात आली. शिरूरच्या आयांनी लंगोटातला नमुना द्यायला नाक मुरडलं असतं, तर हे झालं नसतं. लाजेचं कारण पुढं करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

दहा हजारांचं गणित

मग ‘फिट’च्या बाटल्या शिरूर-दौंडमध्ये घरोघर वाटाव्यात का? २०१६मध्ये केंद्र सरकारनं तिशीपुढच्या सगळ्यांच्या तपासणीची जी चौकट आखली, तीत तीन कॅन्सर आहेत: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. आतड्याचा नाही. आधी मला हा दुर्लक्षाचा प्रकार वाटला होता. मग कागद घेऊन बसलो.

अनेक अभ्यास एकत्र केले तर ‘फिट’ १०० कॅन्सरपैकी ७९ पकडते, आणि १०० निरोगी माणसांपैकी ९४ना बरोबर सोडून देते. ब्रिटन-अमेरिकेत हा कॅन्सर वर्षाला लाखामागे तीसेक लोकांना होतो, भारतात पाचेक लोकांना, वयाचा फरक धरूनसुद्धा. समजा, पन्नाशीपुढच्या १०,००० लोकांत त्यांच्याकडे ५० छुपे कॅन्सर आहेत, आपल्याकडे १०. आकडे हिशेबापुरते धरलेत, पण प्रमाण साधारण तसंच. त्यांच्याकडे बाटली ४० कॅन्सर पकडेल आणि ५९७ जणांना उगीच घाबरवेल. सोळा कोलोनोस्कोपींमागे एक कॅन्सर. आपल्याकडे ती ८ पकडेल आणि ५९९ जणांना घाबरवेल. शहात्तर कोलोनोस्कोपींमागे एक. काहींत मोड सापडतील, पण तेही आपल्याकडे कमीच.

दोन्ही तालुक्यांत पन्नाशीपुढचे लोक एक लाख धरले, तर पहिल्याच फेरीत सहा हजारांवर कोलोनोस्कोपी. एका डॉक्टरनं रोज सहा केल्या तर हजार दिवस. मला माहीत असलेल्या शिरूर-दौंडच्या प्रत्येक माणसानं ही तपासणी पुण्याला जाऊन केली आहे: आदल्या दिवशीचा जुलाब, सोबतीला एक माणूस, दोघांचा बुडालेला खाडा. त्यात हजारात एखाद्याच्या आतड्याला छिद्र पडण्याची जोखीम. मिनेसोटात तेरा वर्षांत हजारी तीन माणसं वाचली. इथं रोगाचं प्रमाण सहावा हिस्सा धरलं तर दोन हजारांमागे एक.

बारीक अडचणी वेगळ्याच. नमुना पाण्याला लागता कामा नये, आणि आपल्या ग्रामीण संडासाचं भांडं मुद्दाम तीव्र उताराचं असतं, कमी पाण्यात सगळं वाहून जावं म्हणून. हागणदारीमुक्तीनं गावाचं कितीतरी भलं केलं. फक्त नमुना घेणं तेवढं अवघड केलं. वर्तमानपत्र अंथरावं लागेल. शिवाय बाटलीतलं हिमोग्लोबिन उष्णतेनं विघटित होतं. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्येही उन्हाळ्यात तपासणी कमी लोकांत ‘आहे’ म्हणते असं आढळलंय. मग चैत्रात दौंडच्या पत्र्याखाली दोन दिवस पडलेल्या बाटलीचं काय होईल?

या हिशेबातून ‘म्हणून काहीच नको’ असं मात्र निघत नाही. गणित बिघडतं ते दहा हजारांत दहाच कॅन्सर आहेत म्हणून. ज्यांना रक्त पडतंय, ज्यांची शौचाची सवय महिनाभर बदललीय, ज्यांचं वजन किंवा हिमोग्लोबिन कारणाशिवाय उतरतंय, अशांचाच गट केला तर त्यांत कॅन्सरचं प्रमाण कितीतरी पट असतं, आणि तीच बाटली एकदम कामाची ठरते. ब्रिटननं २०१७पासून लक्षणं असलेल्या रुग्णांसाठीही ‘फिट’ वापरायला सुरुवात केली. तिथं रेघ अवघ्या १० मायक्रोग्रॅमवर आहे, म्हणजे बारीकसा संशयही सोडायचा नाही. आकडा त्याखाली असेल तर कॅन्सरची शक्यता फार कमी, वर असेल तर रांगेत पुढं. पन्नाशीची अट नाही. आपल्याकडची सेहेचाळिशीची माणसं इथं बाहेर पडत नाहीत.

शिरूर आणि दौंडपुरतं बोलायचं तर ही रांग आजही अस्तित्वात आहे. ती मूळव्याधीच्या पाट्यांखाली उभी आहे. तिथून ती प्राथमिक आरोग्य केंद्रात आणायची, रक्त पडतं म्हणणाऱ्या प्रत्येकाला आधी बोटानं तपासायचं, हिमोग्लोबिन बघायचं, जिथं शंका आहे तिथं बाटली द्यायची आणि ज्यांचा आकडा वर आला त्यांचा पुण्याचा दिवस आधीच ठरवून द्यायचा. यातल्या पहिल्या पायरीला हातमोजा लागतो आणि दोन मिनिटं. आणि हे सगळं लिहून ठेवायला एक वही लागते. ती कशी ठेवायची हे बार्शीनं आणि वढूनं दाखवून दिलंय. त्या वहीत दहा वर्षांनी आतड्याच्या कॅन्सरचा आकडा चढलेला दिसला, तर दहा हजारांचं गणित पुन्हा मांडावं लागेल. शहरांच्या नोंदींत तो गावांपेक्षा वर आहेच, आणि आमच्या गावांचं खाणं-बसणं शहरासारखं होत चाललंय.

तोवर वाचणाऱ्याला एवढंच सांगेन. रक्त दिसलं तर ते मूळव्याधीचं असण्याचीच शक्यता जास्त आहे. पण ते तपासून ठरवायचं असतं. डॉक्टरनं न तपासता पूड लिहून दिली, तर ‘एकदा बघून घ्या’ असं तोंडानं म्हणायचं. आणि सांगताना ‘परसाकडं’ म्हणा, ‘झाड्याला’ म्हणा, डॉक्टरला कळतं.